मागच्या सीटच्या मधोमध बसून : होंडा जाझ हायब्रिड

गाड्यांची परीक्षणं बहुतेक वेळा स्टीअरिंगमागे बसणारी माणसं लिहितात. मी हे लिहितेय मागच्या सीटवर, दोन चाइल्ड सीटच्या बेचक्यात बसून. एका बाजूला तीन वर्षांचा धाकटा, दुसऱ्या बाजूला नऊ वर्षांची मोठी. पुढे नवरा गाडी चालवतोय आणि त्याच्या शेजारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कारण त्यांचे गुडघे दुखतात. आई दरवर्षी एप्रिलात येतात आणि व्हिसाचे सहा महिने भरायच्या आत, गणपती करून मिरजेला परत जातात. बाबा एकदाच आले होते. जूनमध्ये स्वेटर घालावा लागला तेव्हा म्हणाले, बास, बघून झालं इंग्लंड.

आई नसताना मी पुढे बसते, आणि नाइट ड्यूटीला जाताना तर गाडी माझी एकटीचीच असते. म्हणजे या गाडीत मी सगळीकडे बसून झालेय. डिकी तेवढी राहिलीय.

आम्ही राहतो लंडनच्या वेशीबाहेर, स्लावला. मी नर्स आहे आणि माझं हॉस्पिटल नऊ मैलांवर, पण लंडनच्या हद्दीच्या आत. २९ ऑगस्ट २०२३पर्यंत या हद्दीने आमचं काही बिघडत नव्हतं. त्या दिवशी युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून रोजचे पैसे घेणारा नियम, लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे पालिका विभागांना, लागू झाला आणि आमची २०१२ची डिझेल गाडी एका रात्रीत पांढरा हत्ती झाली. धुराच्या युरो मानकांपैकी डिझेलला युरो ६ लागतं, आमची युरो ५. दिवसाला १२.५० पौंड. रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला डॉलिस हिलला गेलं तरी १२.५०. आणि नाइटवाल्यांची खरी गंमत पुढेच आहे. युलेझचा दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि मध्यरात्री संपतो. मी संध्याकाळी सातला हद्दीत शिरणार, सकाळी साडेआठला बाहेर पडणार. ड्यूटी एक, दिवस दोन, पौंड २५. सलग तीन नाइट केल्या की ५०. जुनी गाडी भंगारात दिली तर २००० पौंड देणारी योजना होती, पण ती लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी. आम्ही बाहेर राहून आत राबणारे. वर्गणी आमच्याकडून आणि प्रसाद आतल्यांना.

दोन-तीन महिने मी मैत्रिणीबरोबर तिच्या गाडीतून गेले. मग आमच्या ड्यूट्या जुळेनाशा झाल्या आणि नवऱ्याने लॅपटॉप उघडून एक्सेल सुरू केलं.

एक खरी गोष्ट आधीच सांगून टाकते. युलेझ चुकवायला हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, लागत नाही. पेट्रोलला युरो ४ पुरतं, म्हणजे पंधरा वर्षांची साधी पेट्रोल हॅचबॅकही चालली असती. मग हायब्रिड का? एक तर माझा डावा पाय. बारा तास उभं राहून सकाळच्या गर्दीत ए४ रस्त्यावर क्लच दाबत, सोडत, दाबत घरी यायचं म्हणजे शिक्षा आहे. मला ऑटोमॅटिकच हवी होती, आणि आम्ही बघत होतो त्या हायब्रिडना क्लचचं पेडल नसतंच. दुसरं म्हणजे माझा सगळा प्रवास सिग्नल ते सिग्नल. याच ठिकाणी साधं पेट्रोल इंजिन सगळ्यात जास्त पितं आणि हायब्रिड सगळ्यात कमी.

इलेक्ट्रिक का नाही, हे आम्हाला भेटणारा प्रत्येक जण विचारतो. आमचं घर चाळीसारख्या एका रांगेतलं. दाराशी फूटपाथ, त्यापलीकडे रस्ता, आणि रस्त्यावर ज्याला जिथे मिळेल तिथे पार्किंग. घराच्या खिडकीतून वायर टाकून फूटपाथवरून गाडीपर्यंत न्यायची तर आधी गाडी घरासमोर लागायला हवी. ती महिन्यातून चार वेळा लागते. बाहेरच्या चार्जरवर विजेचा दर तर जास्तच, वर व्हॅट २० टक्के; घरच्या विजेवर तोच ५ टक्के. ज्याच्या दारात स्वतःची जागा आहे त्याने बिनधास्त इलेक्ट्रिक घ्यावी, माझं काही म्हणणं नाही.

तर तीन गाड्या ठरल्या. टोयोटा यारिस, टोयोटा कोरोला हॅचबॅक आणि होंडा जाझ. तिन्ही सेकंडहँड. आई येईपर्यंत थांबायचं असं मी ठरवलं, आणि त्यावर नवऱ्याशी थोडं वाजलंही. त्याचं म्हणणं, गाडी आपण घेणार, आईचा काय संबंध? मी म्हटलं, पुढच्या सीटवर बसणार त्या, त्यांच्यामुळे मागे बसणार मी, तुझाच काही संबंध नाही.

एप्रिल २०२४च्या एका शनिवारी आम्ही डीलरकडे गेलो ते असे : आई, दोन मुलं, दोन चाइल्ड सीट, घडीची बाबागाडी आणि दोन अठ्ठावीस इंची बॅगा. बॅगा त्याच, ज्यातून आई दर वर्षी तेवीस-तेवीस किलो सांगली जिल्हा घेऊन येतात. हळद, चटणी, बेदाणे आणि ‘तिकडे मिळत नाही’ म्हणून इथे प्रत्येक दुकानात मिळणारे पोहे. सेल्समनला वाटलं आम्ही विमानतळाचा रस्ता चुकलो.

त्याच्याबद्दल एवढंच सांगते की तो पंधरा मिनिटं फक्त नवऱ्याशी बोलत होता, आणि गाडी ‘फुकट विजेवर’ चालते असं सांगत होता. फुकट काही नसतं. या गाडीला प्लग नाही, त्यामुळे बॅटरीत जी काही वीज येते ती शेवटी पेट्रोलमधूनच येते. ब्रेक मारताना एरवी उष्णता होऊन वाया गेलं असतं ते पुन्हा बॅटरीत भरलं जातं, एवढीच हुशारी. एवढीही पुष्कळ आहे. पण तिला फुकट म्हणू नये.

कोरोला चालवायला तिघींत सगळ्यात छान. रस्त्याला धरून चालते, आत शांत, आणि ही हॅचबॅक इथेच डर्बीशरमधल्या बर्नास्टनला तयार होते. १.८ इंजिनच्या गाडीची डिकी ३६१ लिटर, तिघींत मोठी. वर टोयोटाची वॉरंटी : दर वर्षी त्यांच्याकडे सर्व्हिसिंग केलं की दहा वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढत जाते. एक्सेलमध्ये कोरोला केव्हाच जिंकली होती. मग आई बसल्या. बसल्या म्हणजे आधी एक हात दाराला, एक हात माझ्या खांद्याला, आणि मग एकदम खाली. उतरताना म्हणाल्या, ‘विहिरीतनं वर आल्यागत झालं बघ.’ नवऱ्याने एक्सेलमध्ये गुडघ्यांचा रकाना केलेला नव्हता.

यारिस देखणी. इंजिन तीन सिलिंडरचं, शहरात अगदी चपळ, २०२१ची युरोपियन कार ऑफ द इयर. नवराबायको आणि एक लहान मूल असेल तर मी डोळे झाकून हीच सांगेन. पण ती मुळात लहान चणीची आहे. डिकी २८६ लिटर, आणि दोन चाइल्ड सीटमध्ये माझ्यासारखी कोल्हापूरची, खात्यापित्या घरची बाई बसवायची हे तिच्याकडून मागणंच चूक.

जाझची लांबी जेमतेम चार मीटर, म्हणजे कोरोलापेक्षा वीतभराहून जास्त आखूड. तरी आत बसलं की लग्नाच्या मांडवात आल्यासारखं वाटतं. छत उंच, पुढची काच मोठी आणि काचेच्या कडेचे खांब सडपातळ, त्यामुळे चौकात वळताना पादचारी खांबाआड लपत नाही. सीट उंचावर आहे. आई दार उघडून नुसत्या टेकल्या, पाय आत घेतले, झालं. पुन्हा उतरल्या, पुन्हा बसल्या. मग पदर सारखा करून सेल्समनकडे बघून हसल्या. गाडी तिथेच ठरली होती, पण बॅगा आणल्याच होत्या म्हणून बाकीचंही केलं.

डिकी कागदावर ३०४ लिटर. दोन्ही बॅगा आडव्या मावल्या, वरचं फळीसारखं झाकण काढल्यावर. बाबागाडी राहिली. ती गेली आमच्या पायाशी, आणि ते का जमलं हे जरा नीट सांगायला हवं, कारण या गाडीची खरी करामत तिथे आहे.

बहुतेक गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. जाझमध्ये ती पुढच्या सीटखाली सरकवलेली आहे, पहिल्या पिढीपासून. त्यामुळे मागच्या सीटखाली पोकळी राहते. एक तर तिथे सामान सरकवता येतं, किंवा सीटचं बूड थिएटरमधल्या खुर्चीसारखं वर उचलून पाठीला टेकवता येतं. मग पुढच्या सीटच्या मागे तळापासून जवळजवळ छतापर्यंत उभी जागा मिळते. होंडा त्याला मॅजिक सीट म्हणते. नाव जरा जास्तच नाटकी आहे, पण गेल्या सप्टेंबरात आमच्या घरी ते सिद्ध झालं.

गणपतीची मूर्ती शाडूची, दीड फुटी, पाटासकट. दुकान वेस्ट लंडनमध्ये. आधीच्या गाडीत मूर्ती मांडीवर घेऊन बसायचे मी, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला नवऱ्याला ‘हळू’ म्हणून ओरडायचे. या वेळी मागच्या सीटचा एका जणाचा भाग वर उचलला, तळाला आईंची जुनी सतरंजी चौघडी करून घातली आणि पाट थेट गाडीच्या तळावर ठेवला. देव उभ्या जागेत आरामात. शेजारच्या सीटवर आई, एक हात पाटावर. दुकानातून घरापर्यंत अकरा मैल, एम४वरून. सोंडेचं टोकसुद्धा हललं नाही. फक्त हिशेबात एक गफलत झाली होती. देवाची सीट गेली, म्हणजे पाच जणांच्या गाडीत चारच माणसं. मी ट्रेनने आले. घरी पोचले तेव्हा आरतीला माझ्याचसाठी थांबले होते, एवढं मानलं.

आता चालण्याबद्दल. गाडीत दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आहे आणि दोन मोटर. बटण दाबलं की आवाज येत नाही, फक्त ‘रेडी’ असं उजळतं. पहिले दोन आठवडे मी गाडी सुरू झालीय की नाही या विचारात पार्किंगमध्ये बसून राहायचे. हळू निघालं तर नुसत्या विजेवर सरकते. बॅटरी भरली असेल तर गल्लीच्या टोकापर्यंत, सिग्नलपर्यंत, फार तर मैलभर. ही बॅटरी विजेच्या एका युनिटपेक्षाही लहान आहे, तेव्हा जास्त अपेक्षा ठेवू नये. जोर लागला की इंजिन सुरू होतं, पण ते चाकं फिरवत नाही. लग्नाच्या हॉलबाहेर जनरेटर असतो ना, तसं ते वीज बनवतं आणि ती वीज मोटर फिरवते. हायवेवर एका ठरावीक वेगाने चाललो असू तेव्हा एक क्लच आपोआप जोडला जातो आणि इंजिन सरळ चाकांना लागतं. आपल्याला यातलं काही करावं लागत नाही. टोयोटाची पद्धत वेगळी, तिथे इंजिन आणि मोटर एकाच दातेरी चक्रांच्या संचात कायम जोडलेली असतात. चालवणाऱ्याला फरक फारसा कळत नाही, शोरूममधल्या गप्पांपुरता बरा आहे.

जनरेटरची उपमा मला सुचली ती सॉमरसेटमध्ये. मागच्या उन्हाळ्यात एक्समूरला गेलो होतो. तिथे पोरलॉक नावाच्या गावाबाहेर एक चढ आहे, चार फुटांना एक फूट. आपल्या आंबा घाटाला वळणं जास्त, पण असा उभा चढ नाही. पाच माणसं, भरलेली डिकी. इंजिनाने असा सूर लावला की चढ संपेपर्यंत सोडला नाही. वेग तेवढाच, आवाज मात्र वाढतोय. गियर बदलत जाण्याची सवय असलेल्या कानाला हे विचित्र वाटतं. आई म्हणाल्या, ‘गाडी रडाय लागलीय काय गं?’ रडत नव्हती, हॉलमधला पंखा, फ्रीज, लाउडस्पीकर सगळं एकदम लागल्यावर जनरेटर करतो तेच करत होती. या जातीच्या सगळ्या गाड्या चढाला असंच करतात. ज्यांना हे खटकतं त्यांना फार खटकतं, तेव्हा घेण्याआधी एखाद्या चढावर, माणसं भरून चालवून बघा. सपाट रस्त्यावर सेल्समनला शेजारी घेऊन चालवलेली टेस्ट ड्राइव्ह काही सांगत नाही. चढ उतरताना गियरचा दांडा ‘बी’ या खुणेवर टाकला की गाडी स्वतःच ओढ धरते आणि ब्रेक कमी लागतात. ब्रेक कमी लागल्यामुळे इथल्या पावसात डिस्कवर गंज धरतो. महिन्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर जरा दाबून ब्रेक मारायचे.

बाबांचा मिरजेहून पहिला प्रश्न : ‘ऍव्हरेज किती देते?’ इथे पेट्रोल मिळतं लिटरवर, वेग मैलांत आणि ऍव्हरेज गॅलनला मैल. तेही इंग्लिश गॅलन, अमेरिकन वेगळा. बाबांसाठी मी बदलून ठेवलंय. उन्हाळ्यात माझ्या ड्यूटीच्या रस्त्यावर गॅलनला ६२, म्हणजे लिटरला २२ किलोमीटर. जानेवारीत ५२, म्हणजे १८च्या थोडं वर, कारण हीटर लावला की इंजिनाला सुरू राहावंच लागतं. पाच जणांना घेऊन मोटरवेवर सत्तरने गेलं की पन्नाशीच्या आसपास. बाबा म्हणाले, ‘आमची सीएनजी याहून बरी.’ मी फोन आईंकडे दिला.

नवऱ्याचं एक्सेल सांगतं की वर्षाला आठ हजार मैलांवर साध्या पेट्रोल गाडीच्या तुलनेत आमचे पावणेतीनशे पौंडांच्या आसपास वाचतात. तशाच वयाच्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा आम्ही हिच्यासाठी दोनेक हजार जास्त मोजले. सात वर्षं लागतील भरून यायला. नुसतं पेट्रोल वाचवायला हायब्रिड घेत असाल तर थांबा आणि आपले मैल मोजा. रोड टॅक्सची सवलतही गेली. हायब्रिडला वर्षाला दहा पौंड सूट होती ती एप्रिल २०२५पासून बंद, त्या वर्षी सगळ्यांना सारखेच १९५ झाले. मी पैसे मोजले ते डाव्या पायासाठी आणि आईंच्या गुडघ्यांसाठी, आणि मला ते महाग वाटत नाहीत.

दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय एक साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते, आणि गाडीला जागं करायचं काम तिचं. डिसेंबरात आम्ही पाच आठवडे कोल्हापूरला गेलो. गाडी रस्त्याकडेला उभी. परत आलो ते टॅक्सीने, दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटी, आणि गाडी हूं की चूं करेना. दारसुद्धा चावीच्या आतली लपवलेली पात काढून उघडावं लागलं. मोठी बॅटरी भरलेली असेल, पण ती धाकटीला उठवू शकत नाही. ब्रेकडाउनचा माणूस आला, दोन मिनिटांत जंप दिला आणि म्हणाला, आठवड्यातून एकदा तासभर ‘रेडी’वर ठेवायला शेजाऱ्याला सांगत जा. चूक आमचीच, पण कळायला सकाळची हजेरी गेली.

दुसरी गोष्ट चोरांची. आमच्या गल्लीत एका जुन्या हायब्रिडखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर साफ करणारा डबा, पहाटे तीनला कापून नेला. मला वाटलं कोणी वेडा रात्री गवत कापतोय. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, आणि हायब्रिडचं इंजिन कमी चालत असल्यामुळे ते जास्त शाबूत राहतं. चोरांनाही हायब्रिडचा फायदा कळलाय. आम्ही खालून लोखंडी जाळी बसवून घेतली. ज्यांची गाडी रात्री रस्त्यावर असते त्यांनी हा खर्च आधीच धरावा.

सुरक्षेचं एक वाक्य : २०२०च्या युरो एनकॅप या सुरक्षा चाचणीत हिला पाच तारे होते, आणि पुढच्या दोघांच्या मध्ये उघडणारी एअरबॅग आहे, म्हणजे बाजूने धडक बसली तर चालवणारा आणि आई यांची डोकी एकमेकांवर आपटू नयेत. ए.सी.ची बटणं खरीखुरी फिरवायची आहेत. आईंना ती वळवता येतात, आणि त्या वळवतात.

बाकी मधली सीट. मधे बसून मला काय मिळतं? पायाशी मधला उंचवटा फारसा नाही, त्यामुळे दोन्ही पाय नीट टेकतात. डोकं छताला लागत नाही. खांदे मात्र एकाच वेळी दोन्ही बाजूंना मावत नाहीत, म्हणून मी एक खांदा पुढे काढून, फोटोत उभ्या राहतात तशी तिरकी बसते. बेल्टचं बकल मोठीच्या बूस्टरखाली, म्हणजे मुलांना उंच करणाऱ्या सीटखाली, जातं, ते रोज हात घालून शोधायचं. धाकट्याची सीट आयसोफिक्सची, म्हणजे गाडीलाच घट्ट अडकवलेली, ती काही हलत नाही. हलू शकते ती बूस्टर. इथल्या कायद्याने बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोवर बूस्टर लागते. स्वयंपाकघराच्या दारामागे पेन्सिलच्या खुणा आहेत. काल रात्री मोठीला पुन्हा उभं केलं, टाचा टेकवायला लावल्या, केसांचा अंबाडा सोडायला लावला.

१३१.